पारापासून चौथं घर

“पारापासून तुमचं घर कितवं?” बालकिशन वकिलांनी विचारलं.

“तिसरं,” तुळजाबाई म्हणाली. साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, पण आवाज खणखणीत होता.

जालन्याच्या मुन्सफ कचेरीत निजाम सरकारवर दावा लावणारी वाटूरची ती पहिलीच बाई. गावानं तिला वेड्यात काढलं होतं. अकरा महिन्यांपूर्वी पहाटे पोलिसांनी तिचं दार फोडलं, तिच्या एकुलत्या एका पुंजारामला बाहेर ओढलं आणि अंगणातच गोळी घातली. वर कागद केला, ‘रेल्वेच्या तारा तोडणारा डाकू ठार.’ पुंजाराम आणि डाकू! उन्हाळ्यात अख्खं गाव घरांच्या धाब्यावर झोपायचं, तेव्हा हा पठ्ठ्या उंचीच्या भीतीनं खाली घरातच घामाघूम होत पडायचा. तो काय तारेच्या खांबावर चढणार? तुळजाबाईला सरकारकडून दमडीही नको होती. तिला कागदावर एकच ओळ हवी होती: घर चुकलं, पोरगा निर्दोष होता.

मागच्या तारखेला पोलीस जमादार शपथेवर सांगून गेला होता, “गावातल्याच खबऱ्यानं पारापासून चौथं घर म्हणून सांगितलं. आम्ही मोजून चौथ्याच घरात शिरलो.” तुळजाबाईच्या बाजूनं बालकिशन वकिलांनी त्याचं तेच वाक्य आज बराबर धरलं होतं.

“जमादार चौथं म्हणतात, तुम्ही तिसरं म्हणता. हे कसं काय, मावशी?”

“मधलं कचरूचं घर बंद हाये, सायेब. पिलेगात समदे गेले त्याच्या घरचे. ज्या घरात चूल पेटत न्हाई, ते घर आमच्या गावात कुणी मोजत न्हाई. लग्नाचं आवतण देतानाबी न्हाई. खबऱ्या गावातला व्हता, त्यानं गावासारखं मोजलं. पोलीस बाहेरचे. त्यायनं कुलूप लावलेलं घरबी मोजलं.”

कचेरीत कुजबुज झाली. मुन्सफ साहेबांनी मान वर केली. पाच तारखा झाल्या, पण त्यांनी तिच्याकडे धड बघितलं ते आज. बालकिशन वकिलांचा चेहरा उजळला. आता पुंजाराम सुटलाच, असं तुळजाबाईला वाटलं. मेलेला माणूस कसला सुटतो म्हणा! पण तिला तसंच वाटलं खरं.

मग सरकारी वकील उठले. ते अंगावर येतील, म्हणून तिनं मनाची तयारी केली होती. ते अगदी गोड बोलले.

“ठीक आहे, बाई. तुमचं घर तिसरं, आम्हाला कबूल. मग खबऱ्यानं सांगितलेलं ते चौथं घर कुणाचं?”

जमादार कागद आणि पेन्सिल घेऊन पुढं सरकला.

तुळजाबाईनं तोंड उघडलं आणि तिची नजर मागं वळली. चौथं घर उषाबाईचं. भिंतीला भिंत लागून. आणि उषाबाई इथंच, मागच्या बाकाशेजारी जमिनीवर बसली होती. प्रत्येक तारखेला ती सोबत यायची, दोघींची भाकरी बांधून आणायची. आत्ता तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

उषाबाईचा पोरगा भुजंग. पुंजारामच्या तिरडीला खांदा द्यायला तो सगळ्यांच्या आधी धावला होता आणि त्या दिवसापासून त्यानं तुळजाबाईच्या नजरेला नजर दिली नव्हती. यंदा न बोलावता येऊन तिचं वावर पेरून गेला. पोराला दोस्ताची केवढी माया, असं ती गावभर सांगत फिरली होती. माया कसली!

संतापानं तिचं अंग पेटलं. अकरा महिने ही बाई आपल्या शेजारी बसून रडली, आणि अकरा महिने हिला सगळं ठाऊक होतं. आता नुसतं नाव घ्यायचं. नावही कशाला, ‘शेजारचं’ एवढं म्हटलं तरी पुरे होतं. ती ओळ मिळाली असती. डाकूची आई म्हणून कुणी बोट दाखवलं नसतं.

“बोला बाई, जल्दी,” मुन्सफ साहेब म्हणाले.

उषाबाईनं हात जोडले नाहीत, की मान हलवली नाही. ती मिटल्या डोळ्यांनी नुसती वाट बघत होती. दार फुटताना कसा आवाज होतो, ते तुळजाबाईला माहीत होतं. त्यानंतर घर कसं गप्प होतं, तेही माहीत होतं. समोरच्या बाईला तो आवाज आत्तापासूनच ऐकू येत होता. तुळजाबाईला तिचा मनापासून राग आला आणि तितकीच मनापासून कीव आली.

“माझं चुकलं, सायेब,” ती म्हणाली. “मी मघापासून खोटं बोलून राह्यले. कचरूचं घरबी आम्ही मोजतो. चौथं घर माझंच हाये.”

“मावशी!” बालकिशन वकील जागेवरून उठलेच. “काय बोलता हे? बिलकुल हातात आलेला दावा घालवता तुम्ही!”

जमादाराची पेन्सिल अजून कागदावरच होती. मुन्सफ साहेबांनी चष्मा काढला.

“म्हणजे पोलीस बराबर घरात गेले होते? खबऱ्यानं तुमच्याच मुलाबद्दल सांगितलं होतं?”

तुळजाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. ती तिनं पुसली नाही.

“व्हय. लिवा सायेब,” ती म्हणाली, “तारा माझ्याच लेकानं तोडल्या.”