अर्धा कोयता

“हात दाव गं,” मुकादम म्हणाला, आणि छबीनं कपबशी खाली ठेवून हात पुढं केला.

दाराआड उभ्या असलेल्या तुळजाबाईनं ते बघितलं. चार वर्षांपूर्वी याच ओसरीत बसून गहिनीनाथ मुकादमानं तिच्या थोरल्या लेकीचा, सरूचा हात असाच उलटासुलटा करून बघितला होता. मनगट दणकट हाय म्हणाला होता. बैल बघावा तसं बघतो मेला! तिनं छबीला आत बोलावून घेतलं. पोरगी दहावीला होती, तलवाड्याच्या शाळेत जायची. ती पाठमोरी चुलीकडं गेली आणि तुळजाबाईला वाटलं, सरूच गेली. हे आताशा रोजचंच झालं होतं. छबी चूल फुंकायला वाकली की सरू वाकलेली दिसायची. छबी खोकली की सरूचा खोकला ऐकू यायचा. शेजारणी म्हणाल्या, अंगारा लाव. अंगारा लावूनही सरू जाईना, आणि खरं सांगायचं तर ती जावी असं तुळजाबाईला वाटतही नव्हतं.

ओसरीत खांबाला टेकून जावई बसला होता. कचरू. त्याच्या मांडीवर सरूची दीड वर्षाची पोर झोपली होती. जावई घरात असला की तुळजाबाई तोंडावर पदर ओढून दाराआडूनच बोलायची, समोर कधी आली नव्हती. तिच्या सासूनं तसं केलं, तिनंही तसंच केलं.

“मावशे, नीट ऐका,” मुकादम म्हणाला. “दोन साल पाऊस न्हवता, तर ऊस बी थोडकाच व्हता. औंदा ऊस उभा हाय, तर तोडायला माणूस न्हाई. हाताला सराव असलेली पोरं समदी दुष्काळात चाकणला कंपनीत गेली, ती काय माघारी येतेत व्हय? अन् तिकडं कारखान्याचा चेअरमन म्हणतो, टोळी भरत नसंल तर मशीन आणतो. मंग मी काय करू, कीर्तन?”

त्यानं चहा बशीत ओतून भुरकला.

“ह्या कचऱ्यासारखा तोडणारा लई हुडकला तर सापडायचा न्हाई. पण एकला माणूस म्हंजी अर्धा कोयता. अर्धा कोयता घिऊन मी काय चाटू?”

ते काही खोटं नव्हतं. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढवायच्या. एक बसला की जोडी बसली, त्या दिवसाचा खाडा दोघांच्याही हिशेबातून कापायचा. त्या खाड्याच्या भीतीनं सरू अंगात फणफणता ताप असताना मोळी घेऊन फळीवर चढली आणि वरनं खाली आली. दुष्काळाची ती दोन्ही वर्षं सरू-कचरू गावाकडं फिरकलेच नव्हते. इकडं प्यायला पाणी नव्हतं. ऊस सरला की तिकडंच वीटभट्टीला लागायचे. मग एक दिवस कचरू एकटाच एसटीतून उतरला, कडेवर ही पोर. सरूला तिकडंच अग्नी दिला होता. आईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. म्हणून तर तुळजाबाईच्या डोळ्यांपुढं यायची ती लग्नातलीच सरू, गालभर हसणारी, अगदी आजच्या छबीवानी.

“छबीचं अन् कचऱ्याचं घरातल्या घरात व्हतंय,” मुकादम म्हणाला. “सरूच्या लेकराला सावत्र माय आणायची का? परवा चार माणसांत हळद लावू, दसरा झाला की टोळी हलती.”

आत छबीचं भाकरी थापणं थांबलं होतं.

“जावई,” तिनं विचारलं, “तुमच्या मनात काय हाय?”

कचरूनं मान वर केली नाही. “मामी, छबी मला बहिणीवानी हाय. पण जोडीबिगर मला कोण घेतंय? अन् लेकराला काय घालू?”

हे ऐकलं आणि तुळजाबाईला भीतीऐवजी संतापच आला. एक पोरगी घेऊन ह्यांचं पोट भरलं नाही! ती दाराबाहेर आली. जावयासमोर, मुकादमासमोर, भर उजेडात तिनं तोंडावरचा पदर मागं सारला आणि कमरेला खोचला.

“जोडीच पायजे न्हवं? मंग मी येते.”

कचरू धडपडून उठला. मुकादम हसत सुटला.

“सासू-जावयाचा कोयता? आख्खा फड हसंल मावशे!”

“हसू द्या. लोक हसल्यानं मोळी जड व्हत न्हाई. लगीन झाल्यावर, धनी व्हते तवर, मी बी लई साल ऊस तोडलाय, हात इसरले न्हाईत. छबी तिच्या चुलतीकडं ऱ्हाऊन शाळा शिकंल. लेकराला मी संगं घेते.”

“मामी, आसं नका करू,” कचरू म्हणाला.

“तुमी गप बसा. मुकादम, एक मातर आत्ताच सांगते. पन्नाशीला आले मी. मागनं म्हणू नका, तुळजाबाईनं फसवून म्हातारी गळ्यात मारली.”

मुकादमाचं हसू थांबलं. टोळी भरायची होती, दिवस थोडे राहिले होते, गावोगाव फिरून त्याच्याही वहाणा झिजल्या होत्या. तो उठून जवळ आला. तिच्या बसक्या गालांकडं, सुरकुतल्या गळ्याकडं, खोल गेलेल्या डोळ्यांकडं त्यानं निरखून बघितलं. मग मान डोलावली. बाईला धीर द्यावा असं त्याला मनापासून वाटलं.

“वयाचं काय घिऊन बसलात मावशे,” तो म्हणाला. “सरू तर बावीसचीच व्हती, अन् शेवटी शेवटी अगदी तुमच्यावानीच दिसायची.”