बाहेरून आलेला खवा

शांतलिंगअप्पा लेकीला न्यायला ज्ञानेश्वरीच्या खव्याच्या भट्टीवर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. तो बघून तिच्या जिवाला थंड वाटलं. डबा येणार हे तिला ठाऊकच होतं. भूम तालुक्याकडं एक भट्टीवाला दुसऱ्याच्या भट्टीवर रिकाम्या हातानं जात नाही. आपला खवा नेतो, समोरच्यानं तो चाखायचा आणि मान डोलवायची.

"मॅडम, आमच्या महेश्वरीला लई जीव लावून शिकवलंत," अप्पा म्हणाले. "फोन लावला की तुमचंच पुराण. घ्या, आमच्या ईट गावचा खवा हाय. सकाळीच उतरवलाय."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसे? ती त्यांच्या भट्टीवर इंटर्न होती तेव्हा तिला नावच नव्हतं. 'ए कॉलेज' अशी हाक मारायचे. इंटर्नला कसं वागवावं याच्या सूचना कॉलेजनं मालकांना छापून दिल्या होत्या. तो कागद अप्पांनी चहाच्या कपाखाली घातला आणि फूड टेक्नॉलॉजी शिकणाऱ्या पोरीच्या हातात कढया घासायचा काथ्या दिला. एकदा तिनं हौसेनं त्यांच्या खव्यावर आयोडीन टाकून बघितलं. खवा निळा पडला, म्हणजे त्यात मैदा होता. ही भाबडी, शाबासकी मिळेल म्हणून अप्पांनाच दाखवायला गेली. दिवस मावळायच्या आत अप्पांनी तिला घालवून दिलं आणि कॉलेजला कळवलं, पोरीचा हात गल्ल्यात जातो. तिचं वर्ष गेलं. पण त्याहून जास्त लागलं ते आईचं विचारणं: "खरं सांग बाई, घेतलंस का काही?"

त्यामुळं यंदा कॉलेजनं इंटर्न म्हणून पाठवलेल्या नावांत शांतलिंगअप्पांची लेक दिसली, तेव्हा ज्ञानेश्वरीनं लगेच होकार कळवून टाकला. हिलाही कढया घासायला लावाव्यात, असं मनात आलं होतं खरं. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नसतं. कॉलेजनं आता तिलाही पाठवलेला सूचनांचा तोच कागद तिनं भिंतीवर चिकटवला आणि अक्षरन्‌अक्षर पाळला. इंटर्नला खरं काम द्या. दिलं. चुकू द्या. चुकू दिलं. तिच्या प्रश्नांना वेळ द्या. तोही दिला. पोरगी हुशार, वर मनानं निर्मळ. अप्पांनी तिला घरच्या भट्टीकडं कधी फिरकू दिलं नव्हतं, त्यामुळं सगळंच तिला नवं. ज्ञानेश्वरीनं तिच्या हाडीमाशी एक नियम खिळवला: बाहेरून आलेला खवा कुणाचाही असो, आधी तपासायचा, मग तोंडात टाकायचा.

कागदावरची शेवटची सूचना होती, जाताना इंटर्न काय शिकली ते तिलाच दाखवू द्या.

"बसा अप्पा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "चहा येतोय. तोवर लेक काय शिकली ते बघा."

महेश्वरीनं डबा उघडलाच होता. चिमूटभर खवा काचेच्या नळीत घालून तिनं पाण्यात उकळला आणि नळी गार पाण्यात धरली. "गरम असताना रंग येत न्हाय अप्पा, थंड करावं लागतं," ती कौतुकानं सांगत होती. अप्पाही कौतुकानं ऐकत होते. मग तिनं फडताळातून आयोडीनची तपकिरी बाटली काढली आणि अप्पांचं हसू आटलं.

"असू दे की गं. घरच्या खव्याला काय तपासायचं?"

"नियम म्हंजी नियम, अप्पा. हितं मॅडमच्या आईनं आणला तरी तपासत्यात."

ज्ञानेश्वरीला अजून थांबवता आलं असतं. 'राहू दे पोरी' एवढंच म्हणायचं होतं. त्या फुललेल्या चेहऱ्याकडं बघून शब्द ओठांवर आलेही. पण तिला आईचा तो प्रश्न आठवला आणि तिनं ओठ मिटले.

थेंब पडले. नळीतलं पाणी शाईसारखं निळं झालं.

पलीकडं कढईत खवा हलवायचं खुरपं फिरत होतं, तेवढाच आवाज. महेश्वरीनं नळी उजेडाकडं धरली, खाली घेतली, परत धरली. अप्पा लेकीकडं बघतच नव्हते. ते ज्ञानेश्वरीकडं बघत होते, आणि आता कुठं त्यांना ओळख पटत होती.

"तू... ती कॉलेजवाली?"

"ज्ञानेश्वरी," ती म्हणाली. "नाव आहे मला. तुम्ही तेव्हा विचारलं नव्हतं."

हा चेहरा बघायला ती किती वर्षं थांबली होती. तिनं तो पोटभर बघून घेतला, आणि खोटं कशाला बोला, गोड वाटलं तिला.

अप्पा गडबडीनं उठले आणि डब्याला झाकण लावायला गेले. महेश्वरीनं डबा आपल्याकडं ओढला.

"थांबा अप्पा. एका वेळचं खरं धरायचं न्हाय. तपासणाऱ्याचं बी चुकतं." हेही तिला इथंच शिकवलेलं. तिनं धुतलेली दुसरी नळी घेतली, डब्याच्या पार तळातला खवा खरवडून काढला आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. "माझंच काहीतरी चुकलं असंल. व्हय ना, मॅडम?"

ज्ञानेश्वरीनं आयोडीनची बाटली तेवढी तिच्या हाताजवळ सरकवली.