पाणक्या

"हौसेला मोल नसतं" म्हणत सायकलपटूंची टीम काढणाऱ्या मालकाचा दुसऱ्याच वर्षी, शर्यत अर्ध्यावर असताना फोन आला, "टीम बंद." मॅनेजरनं गाडीतून सगळ्यांच्या कानातल्या रेडिओवर सांगताच कॅप्टनसकट सगळे सायकलवरून उतरले, बसमध्ये बसून निघूनही गेले. पंक्चरमुळे मागे पडलेल्या पाणक्याचा रेडिओ मात्र कधीचाच बिघडला होता. सगळ्यांना पाणी पोचवणं हेच त्याचं काम. टीमची गाडी कायम कॅप्टनच्या मागे असायची. धापा टाकत पाणक्या चढाच्या पायथ्याशी थांबलेल्या त्या गाडीच्या खिडकीशी आला. "साहेब, बाटल्या द्या पटकन. चढ लागलाय, पोरांचे घसे सुकले असतील."  मॅनेजरनं एकेक बाटली काढून दिली. पाणक्यानं त्या जर्सीत कोंबल्या आणि नऊ महिने भरल्यासारखा फुगून चढाला भिडला. मॅनेजरची गाडी मागोमाग निघाली. पाणक्या वळून ओरडला, "माझ्यामागे काय येताय? पुढे व्हा, कॅप्टन एकटा असेल!"