समुद्रभिंत कोणाला

जेवणाच्या टेबलाखाली खाडीचं पाणी आलं होतं. मैथिलीनं दोन वर्षांच्या ओवीला कडेवर घेतलं आणि फोन उचलला. डच किनाऱ्यावरच्या त्यांच्या छोट्या शहराच्या नगरपालिकेचं बोलणारं यंत्र मराठीत बोलू लागलं. "नमस्कार. समुद्रभिंतीसाठी युरोपचा निधी थेट शहराला मिळाला. मात्र भिंत एकाच वस्तीपुरती होईल. ती बंदरापलीकडे बांधतोय."

"आणि आम्ही?"

"कुठे पाण्याचा त्रास आहे, ते मी दर आठवड्याला घरोघरी फोन करून विचारत होतो. तुमच्या गल्लीत कुणी त्रास सांगितला नाही."

मैथिली सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्ही फोनवर काय सांगत होतात?"

"परक्या माणसापुढे घरचं रडगाणं कशाला? देवदयेनं सगळं छान, म्हणायचे. जेवलात का, तेही विचारायचे."

"अहो आई, ते यंत्र आहे!"

"बोलतं तर किती अदबीनं! तू काय सांगितलंस?"

थोडी ओल आहे, चालवून घेऊ, असं मैथिलीही म्हणाली होती. शेजारच्या व्हिसरबाईंनी तर इतरांना गरज जास्त आहे, असं कळवलं होतं. अख्खी गल्लीच अशी भिडस्त.

"आता सांगते ना!" ती फोनवर ओरडली. "पाणी घरात आलंय. माझी मुलगी लहान आहे हो!"

"नोंद केली," यंत्र म्हणालं. "पुढचा निधी सात वर्षांनी. तेव्हा तुम्ही याच पत्त्यावर असाल ना?"

मैथिलीनं फोन ठेवला. ओवीला घट्ट धरून ती जिना चढू लागली.