चव सांगणारा माणूस

"डबा इथंच उघडा, चिंतामणी. माह्यासमोर," हणमंतराव तहसीलदार म्हणाले.

चिंतामणीनं उचललेला डबा परत खाली ठेवला. आजवर चहाचा प्रत्येक डबा आधी त्याच्या घरी जायचा. पत्ती निवडायच्या निमित्तानं तो न्यायचा. बायको, कुमुदिनी, चार पानं गरम पाण्यात टाकायची, वास घ्यायची, घोट घ्यायची अन् त्याला पढवायची. दुसऱ्या दिवशी बंगल्यावर तो तेच बोलायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात चिंतामणीचं नाक गेलं होतं, अन् नाकामागं चवही. बारा वर्षं कलकत्त्याच्या चहापेढीत घोट घेऊन माल पारखलेला माणूस. आता त्याला मीठ-साखर तेवढी कळे, बाकी सगळं कोमट पाणी.

सोडून जायची सोय नव्हती. निजामाच्या राज्यातल्या या जंगली टोकाला, अख्ख्या आदिलाबादेत, चिनी हिरवा चहा जाणणारा तो एकटा. हैदराबादचे बडे अंमलदार शिकारीला आले की या चहासाठी हणमंतरावांकडं उतरायचे अन् त्यांच्या मेहेरबानीनं हणमंतरावांची बदली टळायची. चिंतामणीनं एकदा रजा मागितली, तर ते भडकले होते. "काऊन? तुमी गेल्यावर चव कोन सांगनार? तालुका सोडायचा नाई!"

खरं सांगावं, तर सरकारला फसवल्याबद्दल तुरुंग.

आजचा डबा हैदराबादच्या पाहुण्यांनीच मोटारीतून आणला होता. ते आंघोळीला गेले होते.

झाकण ढिलंच होतं. आत अख्खी, चपटी, हिरवी पानं. चिंतामणीनं उकळलेलं पाणी खाली उतरवलं, वाफ मंदावेपर्यंत थांबला अन् मग पानांवर ओतलं. पानं एकेक करून उलगडली, तळाशी बसली. पाणी फिकट पिवळं झालं. हात चुकत नव्हते.

त्यानं घोट घेतला. काहीच नाही. मागं असल्याच चपट्या पानांबद्दल कुमुदिनीनं काय पढवलं होतं, ते त्यानं आठवलं.

हणमंतराव नजर रोखून बसले होते. "बोला."

"भाजल्या शेंगदान्याचा वास, सरकार. मागून गोडी. असल माल हाये."

"वा!" हणमंतरावांनी आपला पेला रिकामा केला. "शेंगदानाच!"

चिंतामणीचा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात पाहुणे आले, पेला उचलला अन् पहिलाच घोट त्यांनी खिडकीबाहेर थुंकला.

"मिट्टी का तेल!" त्यांनी रॉकेल मुरलेला डबा हुंगला. "कम्बख्तों ने मोटर में तेल के डिब्बे से लगाकर रख दिया!" आणि ते चूळ भरायला परसात धावले.

खोलीत दोघंच उरले. चिंतामणी खाली बसला, त्यानं हणमंतरावांचे पाय धरले.

"सरकार, मले वास नाई, चव नाई. दोन वर्सं झाले. घरची सांगते तेच मी बोलून राह्यलो. काय सजा द्याची ते द्या, पन आता सोडा मले."

हणमंतराव उठले, बाहेर डोकावले अन् दार लावून घेतलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "माही चव तर पाच वर्सांखालीच गेली. म्हनून तर तुमाले ठेवलं."