कोमट वारा

भिवाने हीटरच्या जाळीपुढे तळहात धरला. वारा येत होता, पण कोमट. इंजिन सुरू होऊन पाव तास उलटला होता.

डॉक्टर कर्णिक नौपाड्यातल्या भिवाच्या गॅरेजच्या दाराशी उभे होते. जानेवारीचे दिवस. परवा पहाटे त्यांना बायकोला घेऊन कसारा घाटातून नाशिकला जायचं होतं. मंदाकिनीबाईंना दमा, गार वारा लागला की त्यांचा श्वास कोंडायचा. गाडी विलायती, तिच्यात हीटर होता. ठाण्याच्या हवेत त्याची आजवर कधी गरजच पडली नव्हती.

"काय बिघडलंय, भिवा?"

भिवाला ठाऊक नव्हतं. पण लढाईच्या काळात कल्याणला लष्करी गाड्यांवर हात बसलेला माणूस तो. 'ठाऊक नाही' म्हणायला जीभ वळेना. समोर डॉक्टरांचा ड्रायव्हर धाकू काच पुसत होता. धाकू भिवाच्याच गावचा, खाडीकाठचा.

"खारं पाणी भरलंय, साहेब," भिवा बोलून गेला. "नळ्या मिठाने बुजल्या असणार. पाणी धाकूच भरतो ना?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुला दहा वेळा बजावलं होतं, धाकू! किल्ल्या दे इकडे. उद्यापासून येऊ नकोस."

धाकूने एकदा भिवाकडे पाहिलं. किल्ल्या दिल्या, फडक्याची घडी बोनेटवर ठेवली आणि तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी भिवाने हीटरच्या दोन्ही नळ्या सोडवल्या. पाणी खळखळून बाहेर आलं, अगदी नितळ. मिठाचा कण नाही. त्याने नळ्या पुन्हा जोडल्या, इंजिन अर्धा तास चालवलं आणि रेडिएटरच्या माथ्यावर हात ठेवला. चटका बसायला हवा होता. हात खुशाल तिथेच राहिला. म्हणजे दुखणं हीटरचं नव्हतंच. इंजिनच तापत नव्हतं. त्याने इंजिनावरचं झाकण उघडलं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी पितळी झडप तिथे नव्हती. जागा रिकामी होती.

भिवाला आठवलं. मे महिन्यात गाडी घाटात उकळली, तेव्हा त्यानेच ती झडप काढून टाकली होती. 'आपल्या हवेत कशाला हवं हे लोढणं,' म्हणून. डॉक्टरांना सांगितलंही नव्हतं.

भंगाराच्या डब्यातून त्याने झडप शोधून काढली, घासली, बसवली. थोड्या वेळात जाळीतून असा ऊन वारा आला की त्याने हात मागे घेतला.

"वा! तुझ्या हाताला गुण आहे बाबा," संध्याकाळी डॉक्टर म्हणाले.

गप्प राहिला असता तर खपून गेलं असतं. भिवाची मान वर होईना.

"धाकूची चूक नव्हती, साहेब. माझी होती." आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. मग त्या भिवापुढे धरून म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला जाऊन सांग. मीही माफी मागणार आहे म्हणावं. आणि ह्या देऊन ये."

धाकू मिठागरात सापडला. घोटाभर खाऱ्या पाण्यात उभा राहून तो लाकडी फळीने मीठ ओढत होता. भिवा बांधावरच थांबला. किल्ल्या मुठीत घामेजल्या होत्या.

"धाकू, चूक माझी हाय. उन्हाल्यात ती झडप मीच..."

"मना ठाव हाय," फळी न थांबवता धाकू म्हणाला. "तू काढलीस तवा झाकण मीच धरला व्हता."

भिवा बांधावरून खाली पाण्यात उतरला. "मंग तवाच का नाय बोललास?"

धाकूने फळी थांबवली.

"तू सोताच बोलशील, म्हनून."