अंबाडा

“अहो आजी, परवा तर केवढा अंबाडा होता!” ऑपरेशनच्या सकाळी भूल देणारी डॉक्टर म्हणाली.

“कापून टाकला,” मनोरमाबाई म्हणाल्या. “माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, अक्कांचं, हेच ऑपरेशन झालं होतं. स्तन गेला, पण काखेतली कळ जन्मभर राहिली. हात वर जाईना. शेवटपर्यंत त्यांची वेणी मी घातली. आता माझी कोण घालणार?”

“आज मी देणार आहे ते इंजेक्शन अक्कांच्या वेळी नव्हतं. छातीच्या नसा आधीच बधिर केल्या, की दुखणं कायमचं मागे लागायची भीती कमी होते. केस कापण्याआधी विचारायचं तरी!”

“घरात कुणी नसलं की विचारायची सवय मोडते, बाई.”

ऑपरेशन होऊन काही महिने गेले. कळ उठेल या धास्तीने मनोरमाबाई हात जपूनच हलवत. एका सकाळी न्हाऊन आरशासमोर बसल्या आणि सवयीने दोन्ही हात मानेमागे गेले, अंबाडा बांधायला. कुठेच दुखलं नाही.

“अक्का, बघा, गेला वर!” त्या मोठ्याने म्हणाल्या.

घर गप्पच होतं. बोटांना नुसती उघडी मान लागली, तरी हात त्यांनी कितीतरी वेळ खाली घेतले नाहीत.